लाल्या पडलेल्या वावरात

वर्धा नदीचा पूल ओलांडून एसटी यवतमाळ जिल्ह्यात शिरली आणि थोड्याच वेळात खिडकीतून मला तो रंग दिसला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी होती, हिरवी, मधूनमधून पांढरी बोंडं फुटू लागलेली. आणि मध्येच एक शेत असं, की कुणी वरून कुंकवाचं पाणी शिंपडलंय. कडेला गर्द लाल, आत तांबूस, कुठे कुठे जांभळ्याकडे झुकलेलं. मी चिपळूणची. आमच्याकडे माती लाल आणि पानं हिरवी. इथे माती काळीभोर आणि पानं लाल.

"किती सुंदर दिसतंय!" माझ्या तोंडून मोठ्यानेच निघालं.

शेजारच्या बाईंनी मांडीवरची पिशवी सावरली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "सुंदर? अवं बाई, लाल्या होय थो. पऱ्हाटी (कपाशी) लाल पडली का मंग बोंडं भरत नाही. कुठच्या तुम्ही?"

"कोकणातली."

"मंग बराबर," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "लांबून सगळंच सुंदर दिसते."

मी नेमका हा लाल्याच बघायला निघाले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी पानं काढते, म्हणजे पानांची चित्रं. शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढणाऱ्या एका लहानशा संस्थेने मला काम दिलं होतं. पिकाला कुठलं अन्नद्रव्य कमी पडलं की पान कसं दिसतं, ते शेजारी शेजारी रंगवून दाखवायचं. आधी त्यांनी मला फोटो पाठवले. त्यांवरून मी कपाशीच्या लाल पानाचं चित्र काढून पाठवलं, तर तिथले कृषी पदवीधर विलास राठोड यांचा फोन आला. "मॅडम, चित्र छान आहे. पण हे पान आजारी वाटत नाही, लग्नाला निघाल्यासारखं वाटतं. तुम्ही एकदा येऊनच पाहा." दसरा झाला आणि मी रंगांची पेटी घेऊन निघाले.

राळेगावच्या स्टँडवर विलासभाऊ मोटरसायकल घेऊन उभे होते. तिशीचा, उंच, उन्हाने रापलेला माणूस. आधी समोरच्या टपरीवर त्यांनी मला तर्री पोहे खायला घातले. पोह्यांवर लाल तेलकट रस्सा ओतलेला. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी त्यांच्या आईचा फोन आला. "याडी (आई), पाहुणी आलीय, जेवायला घालतोय," असं काहीसं ते गोरबोलीत (बंजारा बोलीत) म्हणाले असावेत, कारण फोन ठेवून त्यांनी मला सांगितलं, "आई म्हणते, कोकणातल्या माणसाला पहिल्याच दिवशी तर्री देतोस, तुला काही कळतं का?"

गावाकडे जाताना मी मागे बसून प्रश्न विचारत होते आणि ते वाऱ्यावर उत्तरं फेकत होते. जमिनीत मॅग्नेशियम नसतं का? असतं, पण पुरेसं नसतं, आणि जे असतं ते झाडाला उचलता येत नाही. पावसाळ्यात पाणी साचून मुळं गुदमरतात, मग एकदम उघडीप पडते, रात्री गार होतात. नेमकी त्याच वेळी बोंडं भरायची असतात, त्यांना खायला हवं असतं. झाड मग जुन्या पानांतलं काढून बोंडांना देतं आणि पानं लाल होतात.

"मग खत घालायचं ना जमिनीत!"

"या वेळी जमिनीत घालून मुळांनी ते कधी उचलायचं? म्हणून पानावर फवारायचं. माणूस जेवत नसला की आपण सलाईन लावतो, तसं. सलाईनवर कोणी जन्म काढत नाही. पण तेवढी वेळ निभावते."

पान खातं, ही गोष्ट मला ऐकून माहीत होती. पण पानं रंगवण्यात इतकी वर्षं गेली आणि पान म्हणजे तोंडही असू शकतं, असा विचार कधी मनात आला नव्हता. मोटरसायकल खड्ड्यात आदळली. मी रंगांची पेटी छातीशी घट्ट धरली.

सुनंदाताईंचं वावर (शेत) गावाबाहेर ओढ्याच्या अलीकडे होतं. त्या आणि त्यांचे यजमान प्रकाशभाऊ धुऱ्यावर (बांधावर) आमची वाट पाहत होते. "जय भीम, ताई. या," म्हणत सुनंदाताईंनी माझ्या हातातली पिशवी घेतली. त्या पस्तिशीच्या, चटपटीत बोलणाऱ्या. प्रकाशभाऊ शांत. त्यांना उन्हात डोळे बारीक करून बघायची सवय दिसली.

वावराचा अर्धा भाग लाल झाला होता. विलासभाऊंनी एक पान उलटं केलं आणि खालची बाजू नीट पाहिली. तुडतुडे नावाचे हिरवे बारीक किडे पानाच्या पोटाशी बसून रस शोषतात, त्यानेही पान कडेने लाल होतं. तसं असेल तर खत फवारून उपयोग नाही. चार-पाच झाडं पाहिल्यावर ते म्हणाले, "किडा नाही. भूकच आहे."

मी पान हातात घेतलं आणि माझी चूक मला दिसली. फोटोवरून मी अख्खं पान लाल रंगवलं होतं. इथे शिरा हिरव्या होत्या. शिरांच्या मधली जागा लाल झालेली, आणि शिरांच्या कडेने हिरव्याची एक बारीक रेघ अजून टिकून होती, जणू पान तेवढं तरी हातचं राखून होतं. मी तिथेच पाण्याची वाटी मांडली आणि कामाला लागले.

माझ्या पाठीमागे त्या तिघांचं बोलणं चाललं होतं. प्रकाशभाऊंचं म्हणणं, उभी पऱ्हाटी उपटून टाकावी आणि ओल आहे तोवर हरभरा पेरावा. सुनंदाताई म्हणत होत्या, "एवढी बोंडं लागली हायेत झाडाले. उपटाची कशी? फुटू तं द्या." विलासभाऊ म्हणाले, फवारा मारून थोडं थांबून पाहू.

त्यावर सुनंदाताई म्हणाल्या, "आमच्या घरी फवारा होत नाही, भाऊ. तुमाले मालूम हाय."

मी ब्रश थांबवून मागे पाहिलं. प्रकाशभाऊ ओढ्याकडे बघत होते.

का होत नाही, ते मला दुपारी घरी कळलं. दोन खोल्यांचं पक्कं घर, पुढे पत्र्याची पडवी. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली दूरदर्शन संच. प्रकाशभाऊंच्या आई शेवंताबाई चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. बरबटीच्या (चवळीच्या) शेंगांची भाजी आणि मिरचीचा ठेचा होता. पहिल्या भाकरीवर त्यांनी तेल ओतलं आणि मला म्हणाल्या, "ठेचा जपून खा, ताई. तुमी खोबऱ्याची माणसं."

जेवताना विलासभाऊंनी हळूच विषय काढला. शेवंताबाईंचा हात परातीत थांबला.

"मी पाह्यलं हाय, ताई," त्या विलासभाऊंना सोडून मला सांगू लागल्या. "काही वर्षं झाली. पऱ्हाटी डोक्याएवढी, वारा नाही, अन् हा पोरगा पाठीवर पंप घेऊन दिवसभर विष मारत होता. पंप गळत होता, पाठ सगळी ओली. संध्याकाळी घरी आला अन् ओकाले लागला. यवतमाळच्या दवाखान्यात नेला. थो खाटेवर पडला होता, डोळे टक्क उघडे, बाहेर ऊन पडलेलं, अन् मले विचारे, माय, लाइट गेली का?"

प्रकाशभाऊ खाली मान घालून जेवत राहिले. त्यांना दिसायला लागलं, ते बरे होऊन घरी आले, पण तेव्हापासून या घरात पंप आला नव्हता. किडीसाठी कडुनिंबाचा अर्क करायचे, तोही खराट्याने शिंपडायचे.

"पण मावशी, हे विष नाही," मी म्हणाले. "हे खत आहे. पानाचं अन्न."

शेवंताबाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमी चित्र काढाले आल्या का फवारा माराले?"

त्यांचं बरोबर होतं. मी मुकाट्याने ठेचा खाल्ला आणि तो खरंच जपून खायला हवा होता.

रात्री मुक्काम त्यांच्याकडेच केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत बसून आदल्या दिवशीचं पान पुरं करत होते, तेव्हा शेवंताबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. वाकून चित्र पाहिलं. मग म्हणाल्या, "शिरा हिरव्या ठेवल्या तुमी."

"आहेतच तशा."

"म्हंजे पुरं मेलं नाही ते."

"विलासभाऊ म्हणतात, भुकेलं आहे."

त्या आत गेल्या. थोड्या वेळाने लुगडं बदलून, पायांत चपला घालून बाहेर आल्या. "सुनंदा, थो राठोड राळेगावले जाऊन राह्यला ना? मी येतो. काय आणते ते मले माह्या डोळ्यानं पाहू दे."

म्हणून आम्ही सगळेच काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून राळेगावला गेलो. कृषी केंद्राच्या दुकानात काउंटरवर रंगीत बाटल्यांची रांग होती. दुकानदाराने सोनेरी वेष्टणाची एक पुढे केली. "हे घ्या, टॉनिक हाय. लाल्या, पिवळ्या, फुलगळ, सगळ्यावर चालते."

मी बाटली हातात घेऊन बारीक अक्षरं वाचू लागले. मला खरंच उत्सुकता होती, की एकाच बाटलीत सगळ्या आजारांचं उत्तर कसं मावतं. त्यात काय आहे, ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. विलासभाऊंनी ती माझ्या हातातून घेऊन परत ठेवली आणि साधं मॅग्नेशियम सल्फेट आणि युरिया मागितला. दुकानदाराचा चेहरा जरा उतरला.

पिशवी फोडून त्याने मूठभर खडे कागदावर ओतले. जाड साखरेसारखे, पांढरे, चमकदार. शेवंताबाईंनी दोन खडे तळहातावर घेतले, बोटाने चोळले, पुन्हा पाहिले.

"हे तं माह्या पायाचं मीठ होय!"

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या पायांना सूज येते आणि डॉक्टरांनी गरम पाण्यात टाकून पाय बुडवायला असंच मीठ दिलं होतं. विलासभाऊ हसत म्हणाले, "बरोबर, मावशी. जात तीच. फक्त हे शेतासाठीचं आहे. याच्यात पाय बुडवू नका, आणि तोंडात तर अजिबात नाही."

"पायाले चालते तं पानाले का नाही चालणार," शेवंताबाई पुटपुटल्या. मला वाटलं, झालं. पण त्या दुकानातून हलल्या नाहीत. "मीठ बराबर हाय. पंप कोणाचा?"

शेजारच्या शेतकऱ्याने पंप द्यायचं कबूल केलं होतं. गावात परत येऊन विलासभाऊंनी त्याची टाकी उघडली, वास घेतला आणि झाकण लावून टाकलं. त्या पंपाने तणनाशक मारलं होतं. कितीही धुतला तरी त्याचा अंश राहतो आणि कपाशीची पानं तेवढ्यानेही आकसून जातात. "हा नको," ते म्हणाले. "लाल्या परवडला."

आमचा हिरमोड झाला. पण सुनंदाताईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. दुपारच्या गाडीने त्या एकट्याच पुन्हा राळेगावला गेल्या आणि नवा कोरा पंप पाठीला लावूनच गावात उतरल्या. पांढऱ्या टाकीचा, वर अजून प्लॅस्टिक चिकटलेलं. पडवीत त्यांनी तो सासूपुढे ठेवला. "मामी, याच्यात आजपर्यंत काही पडलं नाही. तुम्हीच पाहा."

शेवंताबाईंनी झाकण उघडून आत पाहिलं. मग पहिल्यांदाच त्या माझ्याकडे काही मागायला वळल्या. "ताई, याच्यावर निशाणी काढून देता? उद्या मी नसली, कोणी आलं अन् याच्यात विष भरलं तं?"

माझे पाण्याचे रंग प्लॅस्टिकवर टिकणारे नव्हते. गावातल्या किराणा दुकानात हिरव्या ऑइलपेंटचा डबा मिळाला, कुणीतरी दारं रंगवून उरलेला. मी विचारलं, "काय लिहू? यात विष भरू नये, असं?"

"विष शब्दच नको," त्या म्हणाल्या. "पोराच्या डब्यावर असं लिहिते का कोणी?" थोडा विचार केला. "लिहा, फक्त पिकाचं जेवण. अन् खाली पान काढा, हिरवं. ज्याले वाचता येत नाही त्याले पान दिसन."

आयुष्यात मी पुष्कळ पानं काढली आहेत. पण मागे सगळं घर उभं आहे आणि मी जमिनीवर बसून फवारणीच्या पंपावर कपाशीचं पान काढते आहे, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. एक शीर वाकडी गेली. शेवंताबाई म्हणाल्या, "राहू द्या. खऱ्या पानाच्याही वाकड्याच राह्यते."

पुढच्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही वावरात गेलो. दुपारी फवारलं तर पाणी उडून जातं आणि पानावर मीठ तेवढं उरतं. संध्याकाळी पान जास्त वेळ ओलं राहतं, त्याला सावकाश घेता येतं. विलासभाऊंनी बादलीत दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट मोजून घातलं, तेवढाच युरिया घातला आणि काठीने ढवळू लागले.

पंप कोण घेणार, यावर थोडी ओढाताण झाली. सुनंदाताईंनी पट्ट्यांत हात घातला होता. प्रकाशभाऊ पुढे झाले. "दे. मी घेतो."

"राहू द्या ना. मी मारतो," सुनंदाताई म्हणाल्या.

"दे, सुनंदा."

त्यांनी पंप पाठीवर चढवला. खत असलं तरी विलासभाऊंनी त्यांना तोंडाला रुमाल, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालायला लावले. सवय सुटता कामा नये, म्हणाले. शेवंताबाई धुऱ्यावर उभ्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. मी पलीकडे काही पानांच्या देठांना लाल दोरा बांधत होते. एक पुरतं लाल पान, एक अर्धं लाल, आणि एका झाडाचा शेंडा. फवाऱ्यानंतर हीच पानं मला पुन्हा रंगवायची होती. चार ओळी मुद्दाम कोरड्या ठेवायच्या ठरल्या, म्हणजे फरक कळेल.

पहिली ओळ छान झाली. बारीक धुक्यासारखा फवारा पानांवर बसत होता, प्रकाशभाऊ नळी आतून वर धरून पानांच्या पोटालाही भिजवत होते. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर फवारा तुटला. युरियाचा न विरघळलेला खडा नळीच्या टोकाच्या नोझलमध्ये अडकला असणार. प्रकाशभाऊंनी टोपण फिरवून नोझल काढलं, तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि फवारणीच्या जुन्या सवयीने नोझल ओठांना लावून फुंकायला हात वर नेला.

"प्रकाशाऽऽ!"

त्या आवाजाने ओढ्याकाठचे बगळे उडाले. प्रकाशभाऊंचा हात तोंडाजवळ तसाच थांबला. शेवंताबाई चपला धुऱ्यावरच टाकून काळ्या ढेकळांतून धावत आल्या होत्या, सुजऱ्या पायांनी. त्यांनी मुलाच्या हातातून नोझल हिसकावून घेतलं.

"माय, मीठच होय ना थे," प्रकाशभाऊ हळू आवाजात म्हणाले.

"आज मीठ हाय," त्या म्हणाल्या. "तोंडाले कायले लावतं?"

मी माझा सगळ्यात बारीक ब्रश काढून पुढे केला. विलासभाऊंनी त्याच्या केसांनी छिद्र मोकळं केलं, बादलीतलं पाणी फडक्यातून गाळून घेतलं आणि पंप पुन्हा भरला. तो ब्रश त्यानंतर रंगाच्या कामाचा राहिला नाही. प्रकाशभाऊंनी आईच्या हातून नोझल घेऊन बसवलं, रुमाल वर केला आणि ओळ पुढे सुरू केली. या वेळी शेवंताबाई धुऱ्यावर परत गेल्या नाहीत. त्या मुलाच्या मागे दोन ओळी सोडून, त्याच वेगाने, शेवटपर्यंत चालत राहिल्या. फवाऱ्याने त्यांचं लुगडंही थोडं भिजलं. त्यांनी ते पुसलं नाही.

फवाऱ्याचा परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागणार होता. मधल्या काळात मी पांढरकवड्याला गाडी बदलून मुकुटबनला जाऊन आले, कारण तिथल्या एका शेतात विलासभाऊंनी मला उलटी गोष्ट पाहायला सांगितली होती. तिथल्या काकांनी भर दुपारी, अंदाजाने मूठ-मूठ खत टाकून फवारलं होतं. पानांच्या कडा जळून तपकिरी कुरकुरीत झाल्या होत्या. काका स्वतःवरच हसत होते. "म्या म्हटलं, लवकर बरं होईन, जरा जास्त देऊ. पोट फुटलं ना त्याचं!" त्यांनी मला कोहळ्याचे (लाल भोपळ्याचे) गोड वडे खायला दिले. मी दोन म्हटलं तर त्यांनी ताट भरून वाढले आणि पुन्हा आपल्याच बोलण्यावर हसले, "खा, तुम्ही काही पऱ्हाटी नाही." त्यांच्या जळक्या पानाचं चित्र पुस्तिकेत आहे.

सुनंदाताईंच्या वावरात परत गेले तेव्हा मी सगळ्यांच्या पुढे धावले. दोरा बांधलेलं लाल पान शोधलं. ते लालच होतं. शेजारचं एक तर गळून खाली पडलं होतं. अर्धं लाल पान अर्धंच लाल होतं. माझं मन खट्टू झालं. मी कल्पना केली होती, की पान लालाचं हिरवं झालेलं असेल आणि मी दोन चित्रं शेजारी शेजारी मांडीन.

"लाल झालं ते पान परत येत नाही, मॅडम," विलासभाऊ म्हणाले. "मी तसं कबूलही केलं नव्हतं."

"मग उपयोग काय झाला?"

"ताई, खाली काय पाहून राह्यल्या? वर पाहा ना," सुनंदाताईंचा आवाज आला.

मी वर पाहिलं. शेंड्याला तीन नवी पानं होती, पोपटी, मऊ, ओल्या पंज्यासारखी अर्धवट उघडलेली. पुढच्या झाडालाही. त्याच्या पुढच्यालाही. मग मी अर्ध्या लाल पानाकडे परत गेले आणि माझ्या पहिल्या चित्राशी ताडून पाहिलं. लाल जिथे होता तिथेच थांबला होता, एक रेघही पुढे सरकला नव्हता. आणि त्या चार कोरड्या ओळींत अर्ध्याहून जास्त पानं जमिनीवर आली होती.

प्रकाशभाऊंनी एक बोंड दाबून पाहिलं, मग दुसरं. "भरून राह्यलं," ते म्हणाले. त्यांनी तिथेच ठरवलं. कोरड्या ओळींच्या बाजूचा तुकडा अगदीच गेला होता, तो मोडून तिथे हरभरा. बाकीची पऱ्हाटी उभी ठेवायची. पूर्ण पीक हाती येईल असं कोणीच म्हणालं नाही. विलासभाऊंनी तर दोनदा सांगितलं, की पुढच्या वर्षी माती तपासून पेरणीच्या वेळीच मॅग्नेशियम द्यायचं, दरवर्षी सलाईनवर भागणार नाही. प्रकाशभाऊंनी मान हलवली. मी मात्र त्या पोपटी पानांपुढे बसून राहिले. तो रंग मला पेटीतल्या कुठल्याच हिरव्यातून मिळेना. शेवटी पिवळ्यात निळ्याचा एकच थेंब टाकला तेव्हा जमला.

निघताना शेवंताबाईंनी माझ्या पिशवीत बरबटीच्या शेंगा कोंबल्या. "तुमच्या तिकडं खोबरं घालून करा," म्हणाल्या.

चिपळूणला परत आले आणि सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. फक्त एक गोष्ट बदलली. परसातल्या पपईचं, कढीपत्त्याचं, कुठलंही पान दिसलं की मी ते आधी उलटं करते. पूर्वी पिवळं पान दिसलं की मला त्यातला पिवळा दिसायचा. आता मी विचारते, याला काय हवं असेल? उत्तर बहुतेक वेळा येत नाही. मग मी विलासभाऊंना फोन करून त्यांचं डोकं खाते. परवा ते म्हणाले, "मॅडम, ते पान फक्त म्हातारं झालंय. त्याला गळू द्या."

थंडी पडल्यावर सुनंदाताईंचा फोन आला. वेचणी सुरू झाली होती. मागच्या सालाएवढा कापूस नाही, पण हरभऱ्यासाठी सगळी पऱ्हाटी मोडली असती तर एवढाही हाती आला नसता, असं त्या म्हणाल्या. मध्ये त्यांनी आणखी एकदा फवारा मारला होता. विलासभाऊ तेव्हा दुसऱ्या गावी होते, म्हणून खत मोजण्यापासून सगळं प्रकाशभाऊंनी एकट्यानेच केलं.

"आणि मावशी? धुऱ्यावर उभ्या होत्या का?"

"नाही ना, ताई! तेच तं सांगाले फोन केला," त्या म्हणाल्या. "यायनं (यांनी) पंप पाठीवर घेतला, दारातून आवाज देला, माय, चाललो. तं आतून म्हणे, जाय, मी शेंगा निवडून राह्यली."